शेजारची नळी

दिगंबरमामांच्या डाव्या हाताची चाळणी झाली होती, आणि ती त्यांनी स्वतःच केली होती. साप चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, की शेजारच्या नळीत ते आपलं काढून ठेवत. वीस मिनिटांनी दोन्ही तिरप्या करायच्या. मामांचं गोठलेलं आणि रुग्णाचं पाण्यासारखं वाहतंय, म्हणजे विष भिनलं, प्रतिविष द्यायचं. "जोडीला चांगलं रक्त असल्याबिगर आजारी रक्त खरं बोलत न्हाई," असं ते म्हणत.

अंबड तालुक्यातल्या आमच्या लहानशा दवाखान्याची लॅब ते सांभाळत. नव्वदच्या दशकात मी तिथं संशोधनाची वही घेऊन उतरलो. खाटेपाशी होणारी ही साधी तपासणी कॉलेजच्या मोठ्या लॅबशी जुळते का, ते पाहायचं होतं. जुळत नव्हती. दोष मी अर्थातच तपासणीला देत होतो. मामा दर वेळी कोरी नळी घेत, ती मला उधळपट्टी वाटे. माझ्या नळ्या मी कपड्याच्या साबणाने घासून लखलखीत ठेवी. शेजारची नळी तर मला निव्वळ अडाणीपणा वाटे.

एका दुपारी मामा जेवायला गेले असताना अंकुशनगरकडच्या उसाच्या फडातून दोघांना आणलं: कौसाबाई आणि तिचा दीर. दोघांच्या पायावर दातांचे व्रण. प्रतिविष एकालाच पुरेल एवढं. जालन्याहून आणखी औषध घेऊन जीप यायला दोन तास. मी माझ्या नळ्या भरल्या. वीस मिनिटांनी दोन्हींतलं रक्त वाहत होतं.

"त्याला द्या, डाक्टर," कौसाबाई म्हणाली. "त्याची लेकरं लहान हायेत."

मला तेवढंच हवं होतं. मी औषध घेऊन दिराकडे वळलो, तोच मामा दारात.

"तिसरी नळी कुठंय?"

"वेळ नाही, मामा."

"वेळ न्हाई म्हनूनच इच्चारून राह्यलो."

त्यांनी आपलं रक्त माझ्या एका लखलखीत नळीत घेतलं. मग तिघांचं तीन कोऱ्या नळ्यांत. पुन्हा वीस मिनिटं. मी तीनदा नळ्यांकडे हात नेला, मामांनी तीनदा मनगट धरलं. "हलवलं की खोटं बोलंल."

वेळ भरली. माझ्या नळीतलं मामांचं रक्त खळखळून वाहिलं.

"मंग मलाबी साप चावला म्हनायचा," मामा म्हणाले. "साबन लावला काय?"

मी होकारार्थी मान हलवली. काचेवर राहिलेला साबण रक्ताला गोठू देत नाही, हे दोन पदव्या घेऊन मला ठाऊक नव्हतं. कोऱ्या नळ्यांत मामांचं आणि दिराचं रक्त घट्ट गोठलं होतं. कौसाबाईचं वाहत होतं. औषध तिला गेलं.

बरी होऊन निघताना ती मला म्हणाली, "मी काय डाक्टर हाय का? माझं कशाला ऐकत होते? मामाचं ऐकत जावा."

वहीतल्या साऱ्या नोंदी त्याच साबणाच्या नळ्यांच्या होत्या; ती पानं मी फाडायला घेतली. मामा म्हणाले, "फाडू नका. चुकलं ते बी लिवा." लिहिलं.

काही वर्षांनी कावीळ विकोपाला जाऊन मामा आमच्याच खाटेवर आले. यकृत निकामी झालं की साप न चावताही रक्त गोठेनासं होतं, म्हणून मी त्यांचं रक्त घेतलं. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "जोडीला कोन?" मी बाही वर केली.

वीस मिनिटं स्टुलावर हात बांधून बसलो. मग नळ्या तिरप्या केल्या. माझं जागचं हललं नाही. त्यांचं ओघळत काठापर्यंत आलं.

आता ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"साबन लावला काय, डाक्टर?"

नळी कोरी होती. तरी मी हो म्हणालो.