काकांचं कोलेस्टेरॉल आणि माझं

मला भीतीतून बाहेर काढलं ते माझ्या घरमालक काकांनी, हे आधीच सांगून टाकतो. रक्तातल्या चरबीला इतका घाबरणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. पालघरजवळच्या माहीमला स्वतःची नारळाची वाडी, आणि घरात नारळ बंद. काकांचे वडील म्हातारपणी स्वतःच्या मुलांनाही विसरले, आणि कोलेस्टेरॉलचा मेंदूशी संबंध असतो असं काकांनी कुठंतरी ऐकलं. तेव्हापासून पाहुण्याला पाण्याआधी विचारतात, "कोलेस्टेरॉल तपासलंय काय?" पोस्टमनसुद्धा सुटला नाही. आठवण शाबूत आहे ना ते बघायला रोज संध्याकाळी वाडीत फिरत कुठलं झाड कोणी लावलं ते मोठ्यानं म्हणतात. एक नाव अडलं की पुन्हा फाटकापासून सुरुवात, आणि घरात जेवण थांबलेलं. काकू मात्र आमटीत ओल्या खोबऱ्याचं वाटण गुपचूप घालतातच. काका भुरका मारून म्हणतात, "बघ, नारळावाचून काय अडलं काय?" काकू माझ्याकडे बघतात, मी भाताकडे.

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीत सुटली, आता बोईसरला कंपनीत जातो. गावाकडे आई वर्षभरापासून विसरायला लागलीय, फोनवर माझा आवाज ऐकून विचारते, "कोन बोलायलंय?" त्यात कंपनीच्या तपासणीत माझंच कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. मी मनात पक्कं केलं, आता आपली पाळी. घास उतरेना. काकांनी रिपोर्ट बघितला, स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट पालघरच्या डॉक्टरांपुढे उभं केलं.

डॉक्टर म्हणाले, "आईला विसरण्याचा आजार असला की धोका थोडा वाढतो, पण तुला तो होणारच असं नाही. कोलेस्टेरॉल उतरवणं मात्र हातात आहे. गोळी घे, चालत जा, तळलेलं कमी कर. आणि आईला तिकडे दाखवून घ्या."

"आनि नारळ?" काकांनी मध्येच विचारलं.

"बेतानं खा की."

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "काकूला सांगू नको हां. ती चोरून घालते ते मला म्हाईत हाय. तिची मजा कशाला घालवू?"

आता माझं कोलेस्टेरॉल उतरलंय, जेवण जातं. आईला डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. फोन लागला की मी आधी माझं नाव सांगतो, मग ती निवांत बोलते. परवा काकांनी अंगणातून मला हाक मारली, ती विरारला राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या नावानं. घाईत झालं असेल. मी "आलो" म्हणालो आणि गेलो. हे उपकार फेडायला आज माझ्याकडे काही नाही. पण कधी काका मला विसरलेच, तर रोज सकाळी समोर बसून मी कोण ते सांगीन, आणि कितीदा विचारलं तरी कंटाळणार नाही.