घरापासून दीडशे किलोमीटर

आपत्कालीन प्रवास-साहाय्य विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं. मी तिला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या सांगलीत काही लोक उलटं सांगत फिरताहेत आणि त्यांत माझी बायको मालतीही आहे.

हातगाडीवर भांडी विकून मी सुरुवात केली. चाळीस वर्षांनी दुकान मुलाच्या हाती दिलं, एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि तिचं मोटारघर करून घेतलं. मागे पलंग, मधे ओटा, टपावर पाण्याची टाकी. कंपनीचा माणूस म्हणाला, साठी उलटलेल्या आणि अशा गाडीतून हिंडणाऱ्या जोडप्यांसाठीच आमची योजना आहे. घरापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे गाडी चालवणारा आजारी पडला, तर आम्ही त्याला दवाखान्यात नेतो, बदली चालक पाठवतो, जोडीदाराला आणि गाडीला घरी पोचवतो. मी अर्थातच घासाघीस केली. दर काही उतरेना. शेवटी तोच म्हणाला, “विदर्भातल्या पत्त्यावर सवलत चालू आहे. तिकडे कुणी आहे का तुमचं?” वाशीम जिल्ह्यात केनवडला माझा मेव्हणा राहतो. पत्ता त्या माणसाने आपल्या हाताने भरला. मी फक्त सही केली.

एप्रिलच्या सुरुवातीला निघालो. केनवडला मेव्हण्याकडे दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी मेडशीला थांबलो. तिथे आलुबोंडा फोडून त्यावर तर्रीदार रस्सा ओततात. नाकातून पाणी आलं तरी मी दुसरा मागवला. पुढे वाशीमवरून मानोऱ्याकडे वळलो. सोयाबीन आणि तूर निघून गेलेली, नांगरलेली काळी ढेकळं उन्हात तापत पडलेली, मधेच एखादा पळस उरलीसुरली फुलं सांभाळून उभा. मालती खिडकीशी बसून गुणगुणत होती. इतकी खूश मी तिला दुकानाच्या उद्घाटनालाही पाहिलं नव्हतं.

मानोऱ्याच्या अलीकडे एका तांड्याजवळ (बंजारा वस्तीजवळ) गंगूबाई नावाच्या बाईने टरबुजांचा (आमच्याकडच्या कलिंगडांचा) ढीग मांडला होता. मी एक टरबूज उचललं, वाजवलं, नाक मुरडलं आणि भाव पाडायला लागलो.

“काका,” ती म्हणाली, “टरबूज घेऊन राह्यले का वावर?”

माझा नेहमीचा डाव असा, की ‘राहू दे’ म्हणायचं आणि दोन पावलं मागे सरायचं. विकणारा एक पाऊल पुढे येतोच. मी ‘राहू दे’ म्हटलं आणि मागे सरलो. तिसरं पाऊल नालीत पडलं. घोट्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

गंगूबाई धावत आली. माझ्या काखेत हात घालून तिने मला वर ओढलं आणि म्हणाली, “भाव पाडा म्हनलं तं सोताच पडले नं काका! आता फुकट न्या एक.”

घोटा बघता बघता सुजला. मालतीला गाडी येत नाही, केनवडच्या मेव्हण्यालाही नाही. मी ऐटीत कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक मुलगी बोलली.

“सर, आपला नोंदलेला पत्ता केनवड आहे. आपण घराजवळच आहात.”

“अहो, माझं घर सांगलीत आहे!”

“मग पत्ता खोटा दिला होता का, सर? तसं असेल तर योजनाच रद्द धरावी लागेल.”

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालतीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. “जन्मभर लोकांना कोंडीत धरलंत,” ती म्हणाली, “आज एका पोरीने तुम्हाला धरलं.”

तेवढ्यात गंगूबाईचा नवरा हिरामण आला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. महिनाभरापूर्वीच टोळी घेऊन परतला होता. त्याने आधी माझा पाय पाहिला, मग गाडीत डोकावला.

“आमचीबी गाडी अशीच राह्यते,” तो म्हणाला. “चूल, कोंबड्या, लेकरं, समदं मांगं. फक्त छप्पर नसते. कुठचे तुमी?”

“सांगली.”

“मंग तं ओळखीचा रस्ता हाय! वीस सीझन तिकडंच ऊस तोडला. मीच टॅक्टर चालवतो.”

ट्रकचा परवाना त्याच्या खिशातच होता. मी सवयीने विचारलं, “सांगलीपर्यंत किती घेणार?”

“कायचे?”

“नेण्याचे.”

तो एकदम चिडला. “टोळीतला मानूस बिमार पडला का त्याले घरी पोचवा लागते. त्याचा भाव नसते करत, काका.”

“अहो, पण मी तुमच्या टोळीतला नाही.”

“गाडीत राह्यता. घरापासून लांब हाये. पाय मोडला. टोळीत राह्याले अजून काय लागते?”

मी लंगडत जाऊन मागच्या पलंगावर आडवा झालो. गंगूबाईने ज्वारीची भाकरी (तांड्यावर तिला बाटी म्हणतात) आणि लसणाचा ठेचा बांधून दिला, दोन टरबुजं आत ढकलली, आणि हिरामणने गाडी सुरू केली. वाशीमला घोट्याचा फोटो काढला, प्लास्टर बसलं. मग दोन दिवसांचा परतीचा रस्ता. कुठल्या वळणावर गोड पाण्याचा हापसा आहे आणि कुठल्या चिंचेखाली दुपार काढावी, हे त्याला तोंडपाठ होतं. एका ढाब्यावर मी पलंगावरूनच वरणाच्या वाटीवरून वाद घालायला लागलो, तसा तो मालतीला म्हणाला, “मावशी, पाय मोडला पन जबान साबूत हाये. काळजी नोका करू.” ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

सांगलीत त्याने माझा हात धरून मुलाच्या हातात दिला. हीच त्यांची रीत आहे: माणूस घरच्यांच्या हाती सोपवायचा, पाणी प्यायचं आणि परत फिरायचं. मुलगा पाकीट घेऊन मागे धावला, तर हिरामणने त्यालाच दटावलं. मालतीने मात्र एसटीचं तिकीट आणि एक पितळी डबा जबरदस्तीने त्याच्या पिशवीत घातलाच. हिरामणची ही सोबत म्हणजे भाव न करता मला मिळालेली आयुष्यातली एकच गोष्ट, आणि तिच्यासारखा पक्का माल माझ्या दुकानातही कधी आला नाही.

आता कंपनीसाठी. माझं घर केनवडला आहे, हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. म्हणजे आज मी प्लास्टरमधला पाय घेऊन घरापासून शेकडो किलोमीटर दूर, सांगलीत, अडकून पडलो आहे. गाडी दारात उभी आहे आणि जोडीदार सोबत आहे. तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. पाठवा बदली चालक आणि पोचवा आम्हाला केनवडला. नाही जमत? मग माझं घर नेमकं कुठे आहे, ते तो पत्ता भरणाऱ्या तुमच्या माणसाने माझ्या दारात येऊन, माझ्या बायकोसमोर सांगावं.