डावी बाही

उम्म सलाल मोहम्मदला राहायला जायचं ठरवलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच विचारलं, "इतक्या लांब कशाला?" मी कतारमध्ये, लुसैलमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. त्याआधी अल थुमामाला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे. एकीचं लग्न झालं, दुसरीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती नाशिकला परत गेली. त्यांच्या जागी नवीन मुली येणार होत्या, पण मला नव्यानं ओळखी करून घ्यायचा कंटाळा आला होता. फ्रिजमधला कुठला कप्पा कुणाचा, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं, या विचारानंच थकायला झालं. म्हणून गावाबाहेरच्या एका जुन्या व्हिलाचा वरचा तुकडा भाड्यानं घेतला. वर जायला बाहेरून जिना, एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर. खिडकीतून शेजारच्या शेताची भिंत आणि चार खजुराची झाडं दिसायची.

एकटं राहायचं ठरवणं सोपं होतं. शुक्रवार मात्र जड जायचा. सुट्टीचा दिवस, त्यात दुपारच्या नमाजाच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानंही बंद. इचलकरंजीला आईला फोन करून व्हायचा. लग्नाचा विषय निघायचा, मी "बघू" म्हणायचे, मग ती "जेवलीस का?" विचारून फोन ठेवायची. त्यानंतर रविवारी ऑफिसात जाईपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

खालच्या मोठ्या भागात एक पॅलेस्टिनी कुटुंब राहायचं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलं शिकायला परदेशात, आणि नवऱ्याची म्हातारी आई. थंडीच्या दिवसांत ती अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसलेली दिसायची. मांडीवर काळं कापड. जाता-येता मी मान हलवायची, तीही हलवायची. एका शुक्रवारी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले तर तिनं हातानं बोलावलं. एका हातात सुई, दुसऱ्या हातात लाल दोरा. दोरा नेढ्यापर्यंत येत होता आणि दर वेळी बाजूनं निघून जात होता.

मी ओवून दिला. तिनं दुसरी सुई पुढे केली. मग तिसरी. शेवटी मी पायरीवर बसले आणि तिच्या डब्यातल्या सगळ्या सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचून ठेवल्या, म्हणजे आठवडाभर तिला कुणाची वाट बघायला नको. तिनं आत जाऊन चहा आणला. त्यात सेज नावाच्या झुडपाची पानं होती. वास औषधाचा, पण घशाला बरं वाटलं. "शुक्रन," मी म्हणाले. माझ्या अरबीतला निम्मा साठा तिथेच संपला.

तिला सगळे खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणू लागले. ती मला "बिंती" म्हणायची. माझी मुलगी. पहिल्यांदा तिच्या सुनेनं अर्थ सांगितला तेव्हा मी उगीचच चपला नीट करायला खाली वाकले.

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. ती घरी असली की आमचं बोलणं व्हायचं, नसली की हातवारे. तिच्याकडूनच मला हळूहळू कळलं की मांडीवरचं काळं कापड म्हणजे एक थोब आहे. पायघोळ, लांब बाह्यांचा, तिकडच्या बायकांचा पारंपरिक पोशाख. त्यावरच्या भरतकामाला ततरीज म्हणतात. खालाची नात कॅनडाला असते, मुलीची मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं. मेंदीच्या रात्री तिनं आजीच्या हातचा थोब घालायचा, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. छातीवरचा पट्टा भरून झाला होता: लालावर लाल, गर्द आणि फिका, मधून एखादा नारिंगी टाका. सुरूची झाडं ओळीनं उभी आणि त्यांच्या पायथ्याशी चांदण्या. सगळं साध्या फुलीच्या टाक्यात, जो आम्ही शाळेत शिवणाच्या तासाला रुमालावर काढायचो.

"हा नमुना कुणाचा?" मी विचारलं.

खाला बराच वेळ बोलली. सुनेनं थोडक्यात सांगितलं. तिकडे पूर्वी प्रत्येक गावाचं भरतकाम वेगळं असायचं. बाजारात बाई दिसली की तिच्या छातीकडे बघून लोक सांगायचे, ही अमक्या गावची. नवरा गेला की बायका पोशाख निळीत बुडवायच्या, मग लाल रंग झाकला जायचा. खाला कडेवर असताना गाव सुटलं. तिच्या आईला काही बांधून घ्यायला वेळच मिळाला नाही. जो थोब अंगात होता तो घालून ती निघाली.

नेसत्या वस्त्रानिशी निघणं हे आपण किती सहज म्हणतो. पुरात घर गेलं, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले. इथे त्या नेसत्या वस्त्रावरच गाव भरलेलं होतं. ते गाव आता नकाशावर नाही, सून म्हणाली. खालानं नाव सांगितलं, मला तो घशातला उच्चार जमेना. तिनं तीनदा म्हणवून घेतलं आणि सोडून दिलं.

मग तिनंच मला विचारलं, "तुझा थोब कुठाय?"

मी वर जाऊन साडी आणली. मराठी मंडळाच्या गणपतीला नेसायची म्हणून एकच साडी कतारला आणली होती. खालानं पदर उलटा करून बघितला, काठावरून बोट फिरवलं. "तुझ्या गावची?"

"नाही. पुण्यात प्रदर्शनात घेतलेली."

"मग तुझ्या गावचं काय?"

मला हसू आलं. आमच्या गावात दिवसरात्र माग चालायचे. माझे वडील जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे, कापडातच आमचा जन्म गेला. पण ते कापड कोरं, न रंगवलेलं, ट्रकांत भरून कुठे कुठे जायचं. कुणीतरी ते रंगवायचं, शिवायचं. जगात कुणाच्याही अंगावर आमचं कापड असू शकतं, आणि ते बघून कुणालाच कळणार नाही की हे इचलकरंजीचं. सुनेनं हे भाषांतर करून सांगितल्यावर खालानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू माझ्याच घरात काही वाईट घडलं होतं. "मिस्कीना," ती म्हणाली. हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला. बिचारी.

हिवाळा संपत आला तसे तिचे डोळे आणखी बिघडले. हॉस्पिटलमध्ये डोळ्यात इंजेक्शनं झाली, पण गर्द लाल आणि काळा तिला वेगळे दिसेनात. उजवी बाही तिनं कशीबशी पुरी केली. डावी कोरी होती. सुनेला भरतकाम येत नव्हतं. तिच्या आईनं शिकवायला घेतलं तेव्हा ती अभ्यासात होती, असं ती खाली बघून म्हणाली. एका शुक्रवारी खालानं बाही माझ्या मांडीवर ठेवली.

"यल्ला, बिंती." म्हणजे चल, कर सुरू.

मी घाबरले. ती काही रुमालाच्या कोपऱ्यातली फुलं नव्हती. काळ्या कापडावर आधी एक जाळीचं कापड टाचायचं, त्याची भोकं धरून टाके घालायचे आणि सगळं झाल्यावर जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा. मग टाके जणू कापडातूनच उगवल्यासारखे दिसतात. एक टाका चुकला की सगळी ओळ सरकते. माझी पहिली सुरूची झाडं वरून बरी दिसत होती. खालानं ती वरून बघितलीच नाहीत. कापड उलटं केलं आणि डोळे मिटून मागच्या बाजूनं अंगठा फिरवला. गाठी, आडवे ओढलेले दोरे. "ला, ला," ती म्हणाली, म्हणजे नाही, आणि कात्री दिली. मी उसवलं. पुढच्या शुक्रवारीही उसवलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी अंगठा थोडा पुढे गेला, मग थांबला, आणि तिथून पुढचं उसवलं.

मी चिडायची नाही, याचंच मला नवल वाटायचं. ऑफिसात एक्सेलमध्ये कुणी चूक दाखवली तर दिवसभर माझं डोकं तापलेलं असायचं. इथे उलट वाटायचं, उसवायला लागलं ते बरंच, म्हणजे पुढच्या शुक्रवारीही काम उरेल.

त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीवर सारख्या तिकडच्या बातम्या चालू असायच्या. कोसळलेल्या इमारती, धूळ, धावणारी माणसं. असे काही आठवडे गेले की खालानं बाहीला हात लावला नाही. मी शेजारी बाही घेऊन बसायची. एकदा ती एकदम म्हणाली, "खलास, बंद कर," आणि सुनेनं टीव्ही बंद केल्यावर माझ्या हातातली बाही ओढून अंगठ्यानं तपासायला लागली. त्या दिवशी तिनं चांगले टाकेही उसवायला लावले. मी उसवले.

बाही पुरी झाली. जाळीचे धागे आम्ही दोघींनी मिळून ओढले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सून जिन्यात भेटली. तिला आणि नवऱ्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला होता, खालाचा नाकारला होता. तिच्याकडे पासपोर्ट नव्हताच, निर्वासितांना देतात तो प्रवासाचा कागद होता. पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता. "तिला माहीत आहे?" मी विचारलं. "माहीत आहे. इन्शाल्ला म्हणते, पण तिनं बॅग भरायला घेतली होती ती रिकामी केली."

थोब खालानंच घडी केला. घडीत कागद घातले, म्हणजे टाके एकमेकांना घासायला नकोत. मुलगा आणि सून गेले. तितके दिवस मी खाली झोपायला गेले. सकाळी तिच्यासाठी चहा करायची, संध्याकाळी ऑफिसातून थेट तिच्याकडे यायची. मी केलेली मुगाची खिचडी तिनं लिंबू पिळून पिळून खाल्ली. रात्री पलीकडच्या खोलीतून तिचं खोकणं ऐकू यायचं आणि मला लगेच झोप लागायची. घरात दुसरं कुणी असताना झोपून मला वर्ष उलटून गेलं होतं.

मेंदीचा समारंभ तिकडे रात्री रंगला तेव्हा इकडे सकाळ झाली होती. ऑफिसला निघायच्या वेळी फोन वाजला. व्हिडिओवर गर्दी, ढोलकीसारखा आवाज, बायकांचे जिभेनं काढलेले ते लांब हेल. मग नात आली. खालानं फोन नाकाशी नेला, लांब नेला, मग माझ्या हातात दिला.

"सांग," ती म्हणाली. "कशी दिसते?"

माझ्याकडे शब्द किती? "हिलवा," मी म्हणाले, सुंदर. "लाल. खूप लाल. उंच आहे."

"बाही?"

"बाही बरोबर आहे."

"डावी? पीळ पडतोय?"

मी इंग्रजीतून नातीला म्हटलं, आजी डावी बाही विचारते आहे. तिनं हात वर करून गर्रकन फिरवला. पीळ नव्हता. सुरूची झाडं मनगटापासून वरपर्यंत सरळ गेली होती. मी ते तसंच सांगितलं, हातानं तिच्या हातावर रेघ ओढून. नात काहीतरी अरबीत ओरडली, खालानं उत्तर दिलं, आणि तितक्यात नातीला कुणीतरी ओढून नेलं. फोन टेबलावर पडला असावा. नंतर बराच वेळ फक्त छत आणि दिवे दिसत होते आणि गाणं ऐकू येत होतं. आम्ही दोघी ते छत बघत बसलो. मग ते बंद झालं.

"ती रडली का?" खालानं विचारलं.

"नाही. हसत होती."

"मग बरं झालं," असं काहीसं ती म्हणाली आणि ओट्याकडे जाऊन कप धुवायला लागली. मी ऑफिसला उशिरा पोचले. कुणी विचारलं नाही.

उन्हाळ्यात खालाच्या मुलाची नोकरी गेली. इथे नोकरीबरोबर राहायची परवानगीही जाते, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते लेबनॉनला परतणार होते, जिथे गाव सुटल्यावर खाला लहानाची मोठी झाली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेले. घरभर खोकी होती. खालानं माझे दोन्ही हात धरले आणि सुनेला सांगितलं, हिला विचार, हिचं लग्न होईल तेव्हा थोब कोण करणार? सूनही हसली आणि मीही हसले. मग खालानं माझ्या हाताच्या बोटांवरून अंगठा फिरवला, मागच्या बाजूनं, तपासल्यासारखा, आणि सोडले. सुरुवातीला फोनवर तिचे आवाजी निरोप यायचे. ऑफिसातला एक सुदानी सहकारी ते ऐकून मला अर्थ सांगायचा: जेवतेस का, तिकडे उकाडा किती आहे. पुढे ते कमी झाले.

खाली आता दुसरे भाडेकरू आले आहेत. सभ्य लोक आहेत, दार लावून घेतात.

परवा लुसैलच्या ट्राममध्ये माझ्यासमोर एक तरुण मुलगी उभी होती. जीन्सवर काळं जॅकेट आणि जॅकेटच्या पाठीवर लाल ततरीज. मला राहवलं नाही. इंग्रजीत विचारलं, "हा कुठल्या गावचा नमुना?"

ती गोंधळली. "माहीत नाही. ऑनलाइन घेतलं. आजीला कळलं असतं, पण ती आता नाही." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही इंडियन ना? तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगायला लागले. सुया ओवण्यापासून. जाळीचं कापड, उसवलेली झाडं, व्हिसा, ते छत आणि दिवे. ती कान देऊन ऐकत होती, मध्ये एकदा तिनं तोंडावर हात ठेवला. तिचं स्टेशन आलं. ती थोडी घुटमळली, "शुक्रन" म्हणाली आणि उतरली. मी तिचं नाव विचारलं नाही, तिनं माझं. दार लागलं तेव्हा लक्षात आलं, इतकं सलग मी कुणाशी कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते. घसा कोरडा पडला होता.