झाऱ्यातले सूर्य

शनिवारी सकाळी सूर्यग्रहण होतं आणि लंडनमधल्या आमच्या पिनरवर चक्क एकही ढग नव्हता! पुण्याहून आलेली आई मात्र पडदे ओढून उपाशी बसली होती. मी तिचा बुंदीचा झारा उचलला आणि गार्डनमध्ये पळाले. झाऱ्याची सावली फरशीवर पडली आणि प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य उतरला!

"आई, अगं ये ना! वर नाही, खाली बघायचंय!"

ती कुरकुरत आली, वाकली, आणि झारा माझ्या हातातून काढूनच घेतला. कितीतरी वेळ तो वरखाली करत राहिली.

"चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आलाय, एवढंच," मी म्हणाले.

"एवढंच?" ती भडकली. "तू पोटात होतीस तेव्हा एवढ्यासाठी मला अंधारात कोंडलं होतं?"