शेवटचा पेच मालकाचा

माणूस गेला की लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि उठताना एक किस्सा ठेवून जातात. आमच्या अण्णाला माती देऊन अजून महिना झाला नाही, आणि दुकानात किस्सेच किस्से साठलेत. रडायला आलेला माणूस हसून जातो. तो गेल्यावर मी रडतो. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, जमेल तसं लिहितो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, मल्लिनाथ. माझं नाव शिवा, पण घरात आम्ही निम्मं कानडी बोलतो, म्हणून तो मला 'तम्मा' म्हणायचा. म्हणजे धाकटा भाऊ. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे त्याचं एअर रायफलचं दुकान. शिकारीचे दिवस कधीच गेले. आता येतात ती नेमबाजी शिकणारी पोरं आणि बागेवरची पाखरं हाकलणारे बागाईतदार. रायफलवर दुर्बीण बसवायची तर दोन कड्या लागतात, त्यांना आम्ही रिंगा म्हणतो. दुर्बीण कुणीही विकतो. पण रिंगा निवडाव्यात आणि बसवाव्यात त्या अण्णानंच, असं पार माळशिरसपर्यंतचे लोक म्हणायचे.

* * *

सांगोल्याचे दगडूमामा. डाळिंबाची बाग, आवाज ट्रॅक्टरसारखा. त्यांनी ऑनलाइन दुर्बीण मागवली, तिच्याबरोबर सगळ्यात उंच रिंगा मागवल्या आणि दुकानात येऊन अण्णासमोर ठेवल्या.

"मामा, एवढ्या उंच कशाला?"

"वरनं लांबचं दिसतंय की!"

अण्णा म्हणाला, "मामा, ही बंदूक हाय, गच्ची न्हाय!"

मग त्यानं समजावलं. रिंग उंच झाली की बघण्यासाठी गाल बंदुकीवरून उचलावा लागतो, आणि गाल उठला की नेम गेला. दुर्बीण नळीला टेकायची नाही, पण होईल तेवढी खाली बसवायची. मामांनी उंच रिंगा खिशात घातल्या, बुटक्या बसवून घेतल्या, आणि परवा भेटायला आले तेव्हा दारातच बसून म्हणाले, "मला गच्चीवरनं खाली उतरवणारा गेला रे!"

* * *

टेकायची नाही म्हणजे किती अंतर ठेवायचं? त्यासाठी अण्णाचं माप होतं लग्नाची पत्रिका. नळी आणि दुर्बिणीची काच यांच्यामधून पत्रिका सरकली पाहिजे, बस्स. पत्रिका त्याच्या स्वतःच्या लग्नातल्या, उरलेल्या. गठ्ठाच्या गठ्ठा कपाटात होता.

वहिनीला हे बऱ्याच उशिरा कळलं. डबा घेऊन आली, तर अण्णा तिचं नाव छापलेला कागद एका रायफलीत सरकवत होता.

"माझं लग्न काय बंदुकीत घालायला केलं व्हतं व्हय?"

अण्णानं मान वर केली नाही. "जाड कागद हाय. कितीबी वापरला तरी दुमडत न्हाय."

वहिनी हा किस्सा आता रोज सांगते. सांगताना हसते, आणि मध्येच थांबते.

* * *

दुर्बीण पुढे-मागे किती सरकवायची हे अण्णा माणूस बघून ठरवायचा. गिऱ्हाइकाच्या हातात रिकामी रायफल द्यायची, डोळे मिटायला सांगायचे, खांद्याला नीट लावून घ्यायची, आणि मग डोळे उघडायला सांगायचं. उघडल्याबरोबर पूर्ण गोल दिसला तर दुर्बीण त्याची. कडेला काळं दिसलं तर परत सरकवायची.

उजनीच्या काठावरचे एक आबा आले होते, केळीवाले. अण्णा म्हणाला, "आबा, मिटा डोळे." आबांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले! रायफल खाली, अण्णानं ती हवेत झेलली.

"आबा, आरती नंतर! आधी बंदूक धरा!"

* * *

दुकानाच्या शेजारी नरसय्याचा चादरीचा माग. नरसय्या आणि अण्णा लहानपणापासूनचे. दुर्बिणीतली उभी रेघ सरळ आहे का हे बघायला अण्णा समोरच्या भिंतीवर एक दोरा सोडायचा, खाली वजन. दोरा नरसय्याचा, वजनही त्याच्याच मागाचं. अण्णा रायफल धरून त्या दोऱ्याशी रेघ जुळवत बसायचा, आणि नरसय्या दारातून ओरडायचा, "अण्णा, तुज्या एका रेघेपायी माजी आख्खी चादर अडलीय!"

तो दोरा अजून तिथंच आहे. नरसय्या न्यायला आला नाही. मीही काढला नाही.

* * *

माळशिरसचे एक पाटील फार तिरके. काम झालं की नेऊन घरी स्वतःच उघडायचे, वाकडंतिकडं आवळायचे आणि परत येऊन अण्णाला शिव्या द्यायचे. अण्णानं एक रीत काढली. सगळे पेच स्वतः आवळायचे, शेवटचा मात्र ढिला ठेवायचा. मालक आला की एलन-की, म्हणजे पेच आवळायची वाकडी किल्ली, त्याच्या हातात द्यायची आणि तो पेच त्याच्याकडून आवळून घ्यायचा.

"असं का रं?" पाटलांनी विचारलं.

"आता वाकडं गेलं तर चोर दोघंबी!"

पाटील हसले, आणि त्यांचं पुन्हा कधी वाकडं गेलं नाही. तेव्हापासून दुकानाचा नियम झाला, शेवटचा पेच मालकाचा.

* * *

आता माझा किस्सा. मी रायफल खांद्याला लावली की मान पुढे काढतो, पार दुर्बिणीत शिरतो. अण्णा कपाळाला हात लावायचा. "तम्मा, बघतोस का वास घेतोस?"

आणि पेच आवळायला दिला तर मी ट्रॅक्टरचं चाक आवळल्यासारखा आवळायचो. पहिल्याच दिवशी एका नव्या दुर्बिणीची नळी मी चेपवली. अण्णानं ती भिंतीला टांगली. दसऱ्याला तिला झेंडूचं फूल वाहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या तम्माचं पयलं मेडल!"

त्यानंतर मी पेचाला हात लावला की मागून आवाज यायचा, "सावकाश, तम्मा, सावकाश." बोटांना नुसता पेच टेकल्याचं कळलं की थांबायचं, असं तो म्हणायचा. मला कुठलं थांबणं जमतंय! "हाताला सबूर येऊ दे," म्हणायचा. "मग बघू."

* * *

अण्णा दुकानातच गेला. भरदुपारी, छातीत कळ येऊन. त्याच्या टेबलावर फडक्याखाली एक रायफल होती. नवी. दुर्बीण बसवलेली, रिंगा बुटक्या, काचेखाली पत्रिका तशीच अडकवलेली. सगळे पेच आवळलेले, शेवटचा ढिला. म्हणजे काम झालं होतं, मालक यायचा होता.

कुणाची ते कळेना. अण्णा काही लिहून ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. वहिनीच्या भावाचं म्हणणं, शटर ओढू, जागा भाड्यानं देऊ. मी म्हणालो, "अण्णाच्या हातचं शेवटचं काम हाय. मालकाच्या हातात दिल्याबिगर मी शटर ओढू देणार न्हाय. दिली की मग तुमी म्हणाल तसं."

मग जो भेटायला आला त्याच्या हातात मी ती रायफल दिली. डोळे मिटा, खांद्याला लावा, उघडा. आबांनी बघितलं, म्हणाले काळ्या वाटीत रुपयाएवढं दिसतंय. पाटलांना तसंच. नेमबाजी क्लबच्या पोरांना तसंच. नरसय्या म्हणाला अण्णाची स्वतःचीच असेल, पण अण्णा उंच, मान मागे टाकून बघणारा. त्याची कशी असेल?

दगडूमामांनी बघितलं आणि रायफल खाली ठेवली. "दुर्बीण लईच पुढं गेलीय. शेवटी-शेवटी त्याला बरं वाटत नव्हतं. चुकला असंल."

मी स्टूल उचललं. खरंच घातलं असतं मामांच्या डोक्यात. नरसय्यानं मला मागून धरलं.

"अण्णा चुकत न्हाय!" मी ओरडलो. "रिंगंत तर न्हाईच न्हाय!"

मामा खाली मान घालून बसले. शेजारचा माग बंद होता. वहिनी आतल्या पायरीवर उभी होती.

नरसय्यानं मला सोडलं. टेबलावरची रायफल उचलली, रिकामी आहे हे बघितलं आणि माझ्यापुढे धरली.

"समद्यांना लावून बघितलीस, शिवा. तू?"

मी घेतली. डोळे मिटले. नेहमीसारखी मान पुढे गेली. डोळे उघडले.

समोर भिंतीवरचा दोरा होता, वरपासून खालपर्यंत, रेघेवर रेघ. गोल पूर्ण. कडेला कुठंच काळं नाही.

मी रायफल खाली केली तेव्हा वहिनी टेबलाजवळ आली होती. तिनं अण्णाच्या डब्यातून एलन-की काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"सावकाश, भावजी," ती म्हणाली. "सावकाश."