काजळीचा गाल

दोब्रिंका मावशीकडे आमच्या गावच्या त्या दोन हजार वर्षांहून जुन्या थ्रेशियन थडग्याची चावी सव्वीस वर्षं होती. टेकडीच्या पोटातलं ते रंगवलेलं थडगं तिने पोटच्या पोरासारखं जपलं. एका वेळी चारच माणसं, तीही पाच मिनिटं. श्वासाने रंगांना ओल धरते म्हणून तिने एका प्राध्यापकालाही सुनावलं होतं, "भाषण बाहेर झाडा. इथे तोंड मिटा." शेजारी प्रवाशांसाठी हुबेहूब नकली थडगं बांधलंय, त्याची तिकिटं मी विकतो. मला ती "खोट्या घरचा जावई" म्हणायची.

यंदा राजधानीहून, सोफियाहून, चित्रं दुरुस्त करणारी बाई आली. घुमटावर बायकोपुढे डाळिंब धरून बसलेला नवरा आहे, त्याच्या गालावर तिला काळा डाग दिसला.

"लोकांच्या श्वासाने बुरशी आलीय," ती म्हणाली.

मावशी गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण ती म्हणाली, "बुरशी नाही. काजळी आहे. माझ्या मेणबत्त्यांची."

तिचा नवरा गान्चो जहाजावर होता. वादळात गेला, प्रेत मिळालंच नाही. मृतांच्या शनिवारी सगळं गाव उकडलेले गहू आणि वाइन घेऊन आपापल्या कबरींवर जातं. हिला जायला कबरच नव्हती. मग ती थडग्याचं दार आतून लावून त्या रंगवलेल्या नवऱ्यासमोर मेणबत्ती लावायची.

"लोकांना धड श्वास घेऊ देत नव्हतात तुम्ही," बाई म्हणाली.

"वाटलं, एका वातीने काय होतंय."

चावी त्याच दिवशी गेली. कुंपणानेच शेत खाल्लं, असं गाव म्हणालं. मला मावशीचा राग आला, आणि असं बोलणाऱ्यांचा त्याहून जास्त.

काल मृतांचा शनिवार होता. गव्हाचा डबा घेऊन ती कुलूपबंद दारापाशी उभी होती. मला बघवेना.

"मावशी, माझ्याकडच्या नकली थडग्यात लावा मेणबत्ती. चित्र तेच आहे. कुणी काही म्हणणार नाही."

ती आत आली. काडीही ओढली. मग वर बघत राहिली, ती बोटाला चटका बसेपर्यंत.

"हा गान्चो नाही रे," ती म्हणाली. "याचा गाल स्वच्छ आहे."

न पेटवलेली मेणबत्ती तिने पिशवीत टाकली आणि डबा माझ्यापुढे धरला. मी मूठभर गहू घेतले आणि रीतीप्रमाणे म्हणालो, "देव त्याला क्षमा करो."

"आणि मला?" तिने विचारलं.

माझं तोंड गव्हाने भरलं होतं.