आरनकाकांचं अडणं

आरनकाका बोलताना अडले की उजवा तळवा समोरच्यापुढे धरत. अर्थ एवढाच, की शब्द माझा आहे, मीच आणणार, तुम्ही मदतीला धावू नका. आपल्या लोकांना या मदतीची भारी हौस. समोरचा 'मला ब...' म्हणून थांबला की आपण 'बटाटे? बॅग? बस?' अशी यादी वाचायला लागतो. काकांपुढे ते चालत नसे. ते शांतपणे तुमच्याकडे बघत उभे राहायचे. पंधरा सेकंद, कधी अर्धं मिनिट. मग शब्द यायचा, आणि जो हवा होता तोच यायचा. त्याच्या जागी दुसरा सोपा शब्द बसवणं त्यांना मान्य नव्हतं.

कॅनडात, ग्वेल्फला त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी चार वर्षं राहिले. काका रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इथल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ मशीन चालवलं, आणि बायको गेल्यापासून ते एकटेच होते. मी नागपूरची, सॉफ्टवेअरमधली. खोली बघायला गेले तेव्हा मी जरा थांबून नाव सांगितलं, 'इना'. काका म्हणाले, "सरळ रस्ता सोडून गल्लीतून आलीस गो. खरं नाव काय तुझं?"

माझं नाव मृणालिनी. ऑफिसात सगळ्यांना वाटे, गोऱ्यांच्या सोयीसाठी मी ते लहान केलंय. खरी गोष्ट अशी, की 'म' आला की माझा गळा बंद होतो. मीही अडखळते, पण लपवण्यात पटाईत. 'मंडे' म्हणायला नको म्हणून 'वीकेंडनंतर' म्हणायचं, 'मिल्क' मागायला नको म्हणून काळी कॉफी प्यायची, फोन वाजला तर उचलायचाच नाही. आई तर खुशाल सगळ्यांना सांगायची, की पोरीचं ते लहानपणीचं सुटलं. काकांनी पंधरा वर्षांचं ते नाटक पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. मला त्यांचा रागच आला होता.

लायब्ररीने काढून टाकलेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कायम असायची. ते सांगायचे, "मुंबईत मास्तर म्हणायचे, हा स्टॅमर करतो. इथं डॉक्टर म्हणाला, स्टटर. मला वाटलं, विमानात रोग बदलला की काय." मग दोन्ही शब्दांची कुळं त्यांनी शोधून काढली. स्टॅमर हा थांबवण्याच्या, पाणी अडवण्याच्या शब्दाचा भाऊबंद. स्टटरचं मूळ ढकलण्यात, धडक मारण्यात. रोजच्या वापरात दोन्हींचा अर्थ एकच, हे त्यांना ठाऊक होतं, पण ते म्हणायचे, "माणसं मात्र दोन जातींची. तू धडका मारणारी. दार उघडत नाही आणि कपाळ फुटतं. मी बांधापाशी थांबतो. आमच्याकडे भाताच्या शेताला बांध असतो. पाणी चढलं की आपलं आपण वरून जातं, त्याला कोणी लोटावं लागत नाही." मी मान डोलवायचे आणि पुन्हा गल्लीतून जायचे. पटणं वेगळं आणि जमणं वेगळं.

शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी काका कुठलंच काम करत नसत, फोनलाही हात लावत नसत. त्यामुळे शनिवारचा बर्फ शोव्हल करायचा तो मी. गेल्या हिवाळ्यात असाच ड्राइव्हवे साफ करून मी वर चहाला गेले. काका खुर्चीत नीट बसले होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "ये गो, आज बोटीने तांदूळ उघडले, खिडकी भरून शेजारी आली, आता सगळं पातळ बरं आहे."

एका दमात, एकदाही न अडता. आधी मला वाटलं, थट्टा करतायत. मग तळवा कुठे आहे म्हणून पाहिलं, तर हात मांडीवर तसाच पडला होता. ते आणखी बोलत राहिले, झुळझुळ, आणि कशाचा कशाला मेळ नव्हता. काकांना इतकं सफाईदार बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि इतकी कधी घाबरलेही नव्हते.

मी ९११ लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला. आमचा रस्ता मेपल ड्राइव्ह. मी धडक मारली, दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा. रस्त्याच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? बाई 'हॅलो, आर यू देअर?' म्हणत होती आणि शेजारी काका हसत बोलत होते. शेवटी मी ढकलणं सोडलं. तोंड 'म'वर ठेवलं आणि नुसती उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही, मला तरी युग गेल्यासारखं वाटलं. मग 'मेपल' आलं.

ॲम्ब्युलन्समधल्या मुलाने विचारलं, यांना बोलायला त्रास होतोय का? मी म्हटलं, नाही, त्रास होत नाहीये, म्हणूनच बोलावलं. त्याला ते समजावायला मला बराच वेळ लागला. काकांना मेंदूचा झटका, स्ट्रोक आला होता.

पुढचे दोन आठवडे काका तसेच, गाडी उतारावर सुटल्यासारखे बोलत. मला ते भलत्याच नावाने हाक मारायचे. मी रोज ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलात जाऊन त्यांच्या उशाशी बसायचे आणि त्या वाहत्या बोलण्यात आमचे काका शोधायचे. ते सापडत नव्हते.

मग एका संध्याकाळी स्पीच थेरपिस्ट मला दाराशीच भेटली. बिचारीचा चेहरा उतरला होता. "आय ॲम सो सॉरी, पण ही हॅज स्टार्टेड टु स्टटर. सकाळपासून. दॅट्स अ सेटबॅक." तसं तिने फाइलमध्ये लिहिलंही होतं.

मी आत गेले. समोर ट्रेमध्ये कुस्करलेला बटाटा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि ते अडले. मी थांबले. थेरपिस्ट काही बोलणार होती, तिलाही मी खुणेने थांबवलं. बराच वेळ गेला. मग काका म्हणाले, "अळणी."

मला रडू कोसळलं. बटाटा खरोखरच अळणी होता.

डोळे पुसून मी थेरपिस्टकडे वळले. मला सांगायचं होतं, की हा माणूस असाच बोलतो. 'माय' या पहिल्याच शब्दाला गळा बंद झाला. इंग्रजीत नुसतं 'ही' म्हणून सुटता आलं असतं. पण मला 'माय अंकल'च म्हणायचं होतं. मी थांबले, ती थांबली, काका बटाटा खात थांबले. माझं सगळं सांगून झाल्यावर तिने पेन काढलं आणि फाइलमधली ती ओळ खोडली.

मीठ मात्र डॉक्टरांनी शेवटपर्यंत मिळू दिलं नाही. पुढचे पाच महिने, जाईपर्यंत, काका रोज तेवढाच वेळ घेऊन तीच तक्रार करत राहिले.